हाक मारणारा विमानतळ

भिवंडीत धामणकर नाक्याजवळ माझं विमानाच्या तिकिटांचं दुकान आहे. मागच्या भिंतीला लागूनच लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना. दिवसभर भिंतीतून खटखट येत असते. नवीन गिऱ्हाईक कानावर हात ठेवतं, मला ती ऐकूही येत नाही. वीज गेली आणि लूम थांबले, की मात्र मी दचकून वर बघतो.

मी स्वतः आजवर विमानात बसलेलो नाही. ही गोष्ट माझी बायको माधवी चार लोकांत आवर्जून सांगते. मी म्हणतो, हजार लग्नं लावणाऱ्या भटजीचं स्वतःचं लग्न एकच असतं, म्हणून त्याला लग्नातलं काही कळत नाही का? माधवी म्हणते, एक तरी असतं.

पण विमान बदलायला कुठला विमानतळ चांगला आणि कुठला वाईट, हे माझ्याकडून ऐकावं. माझ्या दुकानाचा एक रिवाज आहे. माझ्याकडून तिकीट काढून गेलेला माणूस परत आला, की त्यानं माझ्याकडे चहा प्यायचा आणि वाटेत काय झालं ते सांगायचं. आखातात कामाला जाणारे गवंडी, वेल्डर, मुलाकडे निघालेले निवृत्त हेडमास्तर, सगळे सांगतात. पोचल्यावरचं कुणी फार सांगत नाही, वाटेतलंच सांगतात. एका लूमवाल्याचा भाऊ म्हणाला होता, ‘भाईसाब, उस एअरपोर्ट में चल-चल के चप्पल घिस गई.’ तो विमानतळ मी त्याच दिवशी मनातून दोन पायऱ्या खाली उतरवला.

अशा चहांतून माझी काही मतं पक्की झाली. एका विमानातून उतरायचं आणि दुसऱ्यात चढायचं, काम एवढंच. पण मधे बस पकडून दुसऱ्या इमारतीत जावं लागलं, की तो विमानतळ माझ्या लेखी निम्मा नापास. पुन्हा तपासणीची रांग लावायला लावली आणि लोणच्याची बरणी काढून घेतली, की उरलेला निम्माही नापास. सामान परस्पर पुढे गेलं पाहिजे. पाट्या मोठ्या आणि सरळ हव्यात. मधला वेळ फार कमी असला तर माणूस धावत सुटतो, फार जास्त असला तर तो झोपी जातो आणि विमान निघून जातं. हे सगळं मी गिऱ्हाइकाला समजावून सांगतो. बहुतेकांना तिकीट कितीला पडेल तेवढंच ऐकायचं असतं, तेव्हा मला राग येतो.

माझ्या मते पहिल्या नंबरचा विमानतळ युरोपातला. एकच इमारत, गुळगुळीत फरशी, दर वळणावर बाण. आणि शांतता. तिथं कर्ण्यावरून काही सांगतच नाहीत. सगळं फळ्यावर उमटतं, आपलं आपण वाचायचं. माझं एक गिऱ्हाईक म्हणालं होतं की तिथं देवळातल्यासारखं वाटतं. शेवटच्या नंबरचा आखातातला. जुना, एकच मोठा हॉल, एसटी स्टँडला काचा लावाव्यात तसा. विमानाकडे जायचं दार, म्हणजे गेट, ऐनवेळी बदलतात, आणि मग विमान कंपनीची माणसं हॉलभर फिरत प्रवाशांच्या नावानं ओरडतात. नाव दोन्हींचं घेत नाही. एकाची बदनामी नको आणि दुसऱ्याची फुकट जाहिरातही नको.

दोन हजार सात साली दिवाळीनंतर प्रितेश भोईर आपल्या आईला घेऊन दुकानात आला, तेव्हा माझी मतं अशी होती.

हे भोईर दिघाशीचे. आंबाडी नाक्याजवळचं ते गाव. माझे वडील तिथल्या शाळेत शिक्षक होते, आणि मी सात-आठ वर्षांचा असताना आम्ही भोईरांच्या पडवीला लागून असलेल्या खोलीत राहायचो. वडिलांनी त्या गावातल्या पोरांना लिहा-वाचायला शिकवलं, पण त्यांच्या जिभेवर ळ काही बसवता आला नाही. ‘कमळ’ म्हणा म्हटलं, की वर्ग एका सुरात ‘कमल’ म्हणायचा.

घरातला मोठा मुलगा बाळाराम. मी त्याला दादा म्हणायचो आणि त्याच्या नव्या नवरीला, राहीबाईंना, वहिनी. बाळारामदादा गावाला सगळ्याच कामाला लागायचा. कुणाचा बैल चिखलात बसला, कुणाच्या विहिरीत बादली पडली, दोन भावांत बांधावरून जुंपली, की माणूस अंगणात येऊन उभा. दार वाजवायची पद्धत नव्हती. अंगणातूनच हाक यायची, ‘बालाराम, हायस का रं?’ दादा बहुधा घरी नसायचाच. मग आतून, चुलीपासून, वहिनींचा आवाज यायचा, ‘न्हाईत. शेतान गेल्यात.’ दिवसातून कितीदा तरी. मला त्या घराची आठवण येते ती या हाकेची आणि या उत्तराची.

वहिनींनी स्वतः नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. त्यांच्या पिढीत घेत नसत. पुढे दादा गेला, माझ्या दुकानात त्या आल्या तेव्हा त्याला सात वर्षं झाली होती, तरी घेत नव्हत्या. तिकिटासाठी पूर्ण नाव विचारलं तर त्यांनी प्रितेशकडे पाहिलं. प्रितेश म्हणाला, ‘लिवा ना काका, राहीबाई बाळाराम.’ आपल्या बापाचा ळ त्यानं स्पष्ट म्हटला. तो भिवंडीच्या शाळेत शिकला.

काम निकडीचं होतं. वहिनींची मुलगी उन्नती इंग्लंडात मँचेस्टरला असते. दोनदा तिचं मूल सहाव्या-सातव्या महिन्यात गेलं होतं. हे तिसरं टिकलं, पण पुढे वाट बघायची नाही, शुक्रवारी सकाळी ऑपरेशन करू, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जावई भला माणूस, तरी उन्नती एकच धरून बसली होती की आई आल्याशिवाय मी टेबलावर जायची नाही. वहिनींचा व्हिसा अडकला होता, तो मंगळवारी हातात पडला. त्यांना गुरुवारी तिथं पोचायचं होतं. मधलं विमान चुकलं, तर पुढचं दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऑपरेशन होऊन गेल्यावर. वहिनी हे सगळं शांतपणे ऐकत बसल्या होत्या, फक्त पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

प्रितेशच्या ट्रका आहेत, गळ्यात साखळी आहे, आणि त्याला सगळं एक नंबर लागतं. मी त्याला युरोपातल्या विमानतळाचं वर्णन करून सांगितलं. फरशी, बाण, शांतता. तो म्हणाला, काका, हाच. मलाही बरं वाटलं, क्वचित कुणीतरी माझं ऐकतं. मी यंत्रावर जागा बघायला लागलो.

तेवढ्यात वहिनींनी विचारलं, ‘भावजी, तितं हाक मारतात का?’

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी समजावलं. त्यांचं माहेर अकलोलीचं. माहेरी जायचं तर आंबाडी नाक्यावर गाडी बदलावी लागते. पाटी त्यांना वाचता येत नाही, कधी गरजही पडली नाही. तिथं उतरलं की कुणीतरी ओरडत असतंच, अकलोली, वज्रेश्वरी, गणेशपुरी. कधी कंडक्टर, कधी चहावाला. आणि एखादी बाई गोंधळून उभी दिसली तर विचारतात, तुला कुठं जायचंय गं. तिथंही असंच आहे ना, एवढंच त्यांना हवं होतं.

मी अभिमानानं सांगितलं की नाही, तिथं अजिबात गोंगाट नाही. कुणी कुणाला हाक मारत नाही.

‘मंग मना तितून नको,’ वहिनी म्हणाल्या.

प्रितेशनं आईला समजावलं, मीही समजावलं. पाट्या आहेत म्हटलं. त्या म्हणाल्या, पाट्या डोळ्यांच्या माणसाला. लोक सुशिक्षित आहेत, कुणालाही तिकीट दाखवा म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, ‘चकचकीत जागी मानूस दुसऱ्याकं बगत न्हाय, भावजी. मना वाचाया येत न्हाय, पन कान धड हायती. जितं वरडतात तितून पाठवा.’

मला राग आला. मी इतकी वर्षं चहा पाजून जमवलेली अक्कल एका वाक्यात मोडीत निघाली. मी जरा चिडूनच म्हणालो, की ओरडणारा विमानतळ आहे माझ्याकडे, भिवंडीच्या बाजारात आणि त्याच्यात फरक नाही. वहिनींचा चेहरा उजळला. त्या म्हणाल्या, तोच द्या.

चाकाच्या खुर्चीचं मी सुचवलं. म्हाताऱ्या आणि न वाचता येणाऱ्या माणसांना आम्ही ती सांगून ठेवतो, कंपनीचा माणूस या विमानातून त्या विमानात नेऊन सोडतो. यावर मात्र वहिनी चिडल्या. अजून भाताची लावणी करते, देवानं पाय दिलेत, धडधाकट पायांनी खुर्चीत बसले तर देव ते काढून घेईल, म्हणाल्या. तरी मी तिकिटावर खुर्चीची नोंद टाकली. नंतर कळलं, की तो माणूस खुर्ची घेऊन विमानाच्या दारात उभा होता, आणि वहिनी त्याला ‘कुनी लंगडं हाय का’ असं दयेनं विचारून पुढे चालत गेल्या.

आणखी एक भानगड निघाली, ती नावाची. पासपोर्टचा अर्ज भरणाऱ्या कुणी दलालानं आडनावाची जागा मोकळीच सोडली होती. नावात ‘राहीबाई बाळाराम’ आणि भोईर कुठंच नाही. विमान कंपन्यांच्या यंत्राला आडनाव लागतंच. ते नसलं की शेवटचा शब्द ते आडनाव धरतं. म्हणजे तिकिटावर वहिनींचं आडनाव झालं बाळाराम. मी प्रितेशला दाखवलं. पण व्हिसा याच पासपोर्टवर होता आणि दुरुस्तीला वेळ नव्हता. तो म्हणाला, जाऊ दे काका, एका फेरीपुरतं काय बिघडतंय. वहिनींना आम्ही हे सांगितलं नाही. वाचताच येत नाही त्यांना, कशाला डोक्याला ताप.

गुरुवारी सकाळी विमान मुंबईहून उडालं. मी दुकानात बसून होतो, पण कामात लक्ष नव्हतं. मला भीती वाटत होती, सरळ सांगतो. शेवटच्या नंबरच्या विमानतळावर मी निरक्षर बाईला एकटीला पाठवलं होतं, तिच्या हट्टावरून का होईना. लूमची खटखट मला त्या दिवशी ऐकू येत होती. माधवीनं डबा पाठवला होता, तो तसाच राहिला. मधे प्रितेशचे फोन, काका काही कळलं का. मी त्याच्यावर ओरडलो, की मी काय विमानात आहे का.

तिथं जे झालं ते मला पुढे उन्नतीकडून आणि वहिनींकडून, दोघींकडून कळलं. ते असं.

वहिनी उतरल्या, आणि मुंबईला सांगितलं होतं तसं हातातला कागद एका माणसाला दाखवला. त्यानं बोट करून एक दार दाखवलं. त्या दारासमोर बाकावर जाऊन बसल्या. समोरच्या खुर्च्यांवर गर्दी होती, पोरं रडत होती, कुणी जमिनीवर चादर घालून झोपलं होतं. वहिनींना बरं वाटलं. मग कर्ण्यावर काहीतरी म्हणाले आणि थोडी माणसं उठून गेली. मग आणखी थोडी गेली. दार बदललं होतं, नेहमीप्रमाणे. सूचना इंग्रजीत आणि अरबीत झाली होती. वहिनी बसून राहिल्या. त्यांना वाटलं, आपली गाडी आली की आपल्याला सांगतील.

हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला मँचेस्टरचं विमान भरत होतं. सगळे चढले, एक कमी. कंपनीची माणसं नेहमीसारखी हॉलभर ओरडत सुटली.

इंग्रजीत ळ नाही. अरबीतही नसावा. कर्ण्यावरची बाई म्हणाली, ‘बालाराम.’ तिच्यामागून हॉलमधून एक पोरगा तोंडाशी हात धरून ओरडत आला, ‘बालाराम! बालाराम!’

वहिनी मला म्हणाल्या की अंगावर काटा आला. दिघाशीच्या अंगणात यायची तशीच हाक, तोच उच्चार. इतक्या वर्षांत कुणी त्या नावानं ओरडलं नव्हतं. गावात आता प्रितेशनं बंगला बांधला आहे, दाराला बेल आहे, आणि ज्याला काम असतं तो प्रितेशला मोबाइल लावतो. आणि या परमुलखात कुणीतरी मोठ्यानं त्यांना शोधत होतं.

त्या घाबरल्या नाहीत. अशा हाकेला काय करायचं हे त्यांना जन्मभर माहीत होतं. घरधनी नसला की घरातल्या बाईनं उठून सांगायचं, नाहीतर आलेला माणूस उन्हात ताटकळत राहतो. वहिनी उठल्या, पिशवी उचलली, आणि त्या पोराच्या मागे चालत गेल्या. तो वळला तेव्हा लूमवाल्यांकडून शिकलेल्या हिंदीत त्याला म्हणाल्या, ‘बेटा, वो नहीं है. सात साल हुआ.’

पोरगा हैदराबादकडचा होता, त्याला हिंदी कळत होती. त्याला काहीच उमगेना. विमानाचा प्रवासी सात वर्षांपूर्वी गेला म्हणजे काय? मग त्याचं लक्ष वहिनींच्या हातातल्या बोर्डिंग पासकडे गेलं. त्यानं तो घेतला, वाचला, आणि म्हणाला, ‘अम्मा, ये तो आप ही का नाम है.’

असं म्हणून त्यानं त्यांची पिशवी काखेत मारली, त्यांचा हात धरला आणि पळत सुटला. साठी ओलांडलेली बाई नऊवारीत त्याच्या बरोबरीनं पळाली. विमानाचं दार लावत होते, ते थांबवलं.

संध्याकाळी जावयाचा फोन आला की आई पोचल्या. मी दुकानाचं अर्धं शटर खाली ओढलं, आत बसलो आणि मला रडू आलं. कुणी पाहिलं नाही म्हणून सांगतो. शुक्रवारी उन्नतीला मुलगी झाली. जिवंत, रडणारी, सव्वादोन किलोची. ऑपरेशनला आत नेईपर्यंत वहिनींनी उन्नतीचा हात सोडला नव्हता.

सगळा प्रकार प्रितेशला कळला तेव्हा तो तणतणत दुकानात आला. नावाच्या घोळामुळे आई चुकली असती, म्हणाला. मी म्हणालो, बाबा, नावाच्या घोळामुळेच सापडली. पण ते त्याच्या डोक्यात शिरेना. त्यानं ठरवून टाकलं होतं की परत येण्याआधी तिथल्या आपल्या वकिलातीतून पासपोर्ट दुरुस्त करून घ्यायचा, आडनाव भोईर लावायचं, आणि परतीचं तिकीट त्या शांत विमानतळावरून करायचं. आता उन्नती कुणालाही दाखवता येईल अशी चिठ्ठी आईजवळ लिहून देईल, आणि खुर्चीवर तर आईला बसवणारच. योजना चांगली होती. खरं सांगायचं तर माझीही तीच असती. मी तारखा बघायला सुरुवातही केली.

दोन दिवसांनी मँचेस्टरहून दुकानात फोन आला. उन्नतीनं तो लावून आईच्या हाती दिला होता. वहिनी आधी नातीबद्दल बोलल्या. मागे बाळ कुरकुरत होतं.

‘भावजी, त्ये नाव बदलाया सांगू नका परितेसला. तिकिटावं हाय तसाच ऱ्हाऊ द्या,’ त्या म्हणाल्या. ‘आन् येताना बी मना त्याच वाटंनं आना.’

मी प्रितेशची बाजू मांडून बघितली. दुसरा विमानतळ किती सोयीचा आहे, पळापळ नाही, दार बदलत नाही. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, ‘घराला बेल लावली परितेसनं. बेल वाजते. पन बेल कुनाचा नाव घेते का, भावजी?’

मी तिकीट त्यांनी सांगितलं तसं केलं. प्रितेश माझ्याशी महिनाभर नीट बोलला नाही. त्याचं म्हणणं होतं की म्हाताऱ्या माणसाच्या हट्टाला मी खतपाणी घालतो. त्या महिन्यात मी बराच विचार केला. विमानतळ चांगला कुठला, या प्रश्नाचं उत्तर मी इतकी वर्षं पाट्यांत आणि फरशीत शोधलं होतं. ते सगळं खरंच आहे. आजही वाचता येणाऱ्या, घाईत असणाऱ्या माणसाला मी युरोपातलाच सांगेन. पण आता मी आणखी एक गोष्ट विचारतो. एक माणूस कमी आहे हे कळल्यावर तिथले लोक काय करतात? फळ्यावर अक्षरं लाल करून गप्प बसतात, की शोधायला बाहेर पडतात? चहाला आलेल्या गिऱ्हाइकांपैकी फारच थोड्यांना हे सांगता येतं. जे वेळेवर पोचले, त्यांना कुणी शोधलेलंच नसतं.

होळीच्या आधी वहिनी परत आल्या. आल्यावर दोनच दिवसांत एसटीनं भिवंडीला, एकट्या, माझ्या दुकानात. दुकानाचा रिवाज त्यांना ठाऊक होता. मला बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि माधवीला एक लोकरी शाल आणली होती. मी चहा सांगितला. त्यांनी बशीत ओतून फुंकर घातली.

वाटेत काही त्रास झाला का, मी विचारलं. नाही म्हणाल्या. उन्नतीनं सगळं समजावून दिलं होतं. तिथं उतरल्यावर त्यांना दार बरोबर सापडलं, आणि या वेळी ते बदललंही नाही. त्यांच्यासमोरच माणसं रांग लावून आत गेली.

‘मग तुम्हीही गेलात,’ मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. त्या गेल्या नव्हत्या. बाकावर बसून राहिल्या होत्या, दारासमोरच. सगळी रांग संपली, दारावरची मुलगी इकडेतिकडे बघायला लागली, तरी बसूनच.

मी म्हणालो, वहिनी, असं करतात का? विमान निघून गेलं असतं म्हणजे? परमुलखात कुठं शोधलं असतं तुम्हाला प्रितेशनं? मी खरोखरच रागावलो होतो, कप बशीवर आपटला माझ्या हातून.

‘जातं कसं?’ त्या म्हणाल्या. ‘नाव घेतल्याबिगर ती मानसं जात न्हाईत. मना म्हायती हाय.’

मग त्यांनी चहा संपवला, बशी पालथी घातली, पदरानं तोंड पुसलं. मागे लूम चालू होते. पुढचं त्या सांगणार हे मला कळत होतं.

‘दोनदा हाक मारली, भावजी,’ त्या म्हणाल्या. ‘पहिल्या हाकेला मी उठलेच न्हाय. नुसती आयकत ऱ्हायले. दुसऱ्या हाकेला उठले.’

‘आणि काय सांगितलंत?’ मी विचारलं. ‘या खेपेलाही तेच? न्हाईत म्हणून?’

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. लग्न होऊन दिघाशीच्या त्या घरात आल्या तेव्हा जशा लाजायच्या, तशा लाजल्या.

‘हाईत म्हनलं,’ त्या म्हणाल्या. ‘हाईत, आलेच.’